मशीनचं गाऱ्हाणं

म्हापशाच्या दुकानदाराने दोन मशीनं पार्से गावात कृष्णनाथच्या अंगणात आणून ठेवली होती. तुंबलेल्या गटारलाइनी साफ करायची. एक पाण्याच्या प्रेशरचं, दुसरं स्प्रिंगचं. चालवून पाहायची आणि एक ठेवून घ्यायचं.

कृष्णनाथने महादेवला मुद्दाम बोलावणं पाठवलं होतं. दोघांची प्लंबिंगची भागी जुनी. पण बायको गेल्यापासून महादेव कामावर आला नव्हता. आज आला.

"तूच बघ मरे," कृष्णनाथ म्हणाला. "तू म्हणशीत ता घेवया."

महादेवने आधी प्रेशरचं लावलं. अंगणातली लाइन तुंबलेलीच होती. पाणी जोरात आत गेलं आणि तेवढ्याच जोरात उलटं आलं. कृष्णनाथचा मेहुणा योगेश वाकून बघत होता, तो कमरेपर्यंत भिजला.

"आंघोळ जाली तुझी," बाबलीकाका म्हणाले. ते गावचे गाऱ्हाणं घालणारे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मागणं मांडणारे. नारळ मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते.

मग महादेवने स्प्रिंग सोडली. ती सरकत गेली, अडली, फिरत राहिली. ओढून काढली तेव्हा टोकाला माडाच्या मुळांचा जुडगा होता. लाइन खळखळून वाहिली.

"ह्याच," महादेव म्हणाला. "हॉटेलातल्या तेलाक प्रेशर बरा. आपली कामां घरांची. मातीचे जुने पाइप, जंय थंय माडाची मुळां. प्रेशरान सांधे सुटतले."

कितीतरी दिवसांनी तो एवढं बोलला होता.

मशीन पुसून पायरीशी ठेवलं. हळदकुंकू लावलं. बाबलीकाकांनी नारळ पुढ्यात ठेवून हात जोडले. महादेव मशीनला लागून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या नवा मशीन घरात इला हा..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"कामात खंय काय अडला, तर वाट मोकळी करून दी..."

"व्हय म्हाराजा."

"ह्या तुझ्या लेकरांक, कृष्णनाथाक आणि योगेशाक, धंद्यात यश दी. दोघांची नवी भागी सुखान चलान दी..."

"व्हय म्हाराजा."

महादेवचा आवाज सगळ्यांत मोठा होता. म्हणून झाल्यावर त्याला कळलं, आपण कशाला होकार दिला.

नारळ फुटला.

"बाबलीकाका, माझा नाव रवला."

बाबलीकाकांनी कृष्णनाथकडे पाहिलं. "माका सांगली तितकीच नावां घेतलंय रे."

कृष्णनाथ तांब्यात नारळाचं पाणी धरत होता. त्याने मान वर केली नाही.

"तू घरातच बसलंस. तुका त्रास कित्याक, म्हणान योगेशाक घेतलंय."

"मगे आज माका कित्याक बोलवलंस?"

"मशीन निवडूक. योगेशाक त्यातला काय कळता?"

योगेश ओल्या पॅंटीनिशी खोबऱ्याचे तुकडे वाटत होता. त्याने महादेवच्या हातावर एक ठेवला आणि पुढे गेला.

"आणि आता राग कसलो?" कृष्णनाथ हळूच म्हणाला. "देवाफुडे तूच व्हय म्हटलंस."