मास्तरांचा सुसरस

"पाहुणा म्हणून आला आन् गोचिडागत चिकटला," हरणाबाई सुनेला म्हणाली. "भाकरी मोडतोय आमची, आन् काम काय, तर म्हणं उसाचा आवाज ऐकतोय!"

सून रंगूबाई पदराआड हसली. दोघी खळ्यावर बसल्या होत्या. जोंधळा मळून झाला होता, पण उफणून भुसा उडवायला वारं नव्हतं. आठवडाभर झाडाचं पान हललं नव्हतं. उफणायची तिवई, वावडी, नुसतीच उभी होती.

हा पाहुणा म्हणजे सांगलीचे गोपाळकृष्ण मास्तर. इंग्रजीतल्या एका अवघड शब्दावर निबंध लिहायला कृष्णाकाठी येऊन राहिलेले. दुपारी खळ्यावरच्या कडब्याच्या गंजीला पाठ टेकून जाडजूड पुस्तक वाचत. संध्याकाळी वाटेवरच्या उसात जाऊन बसत.

त्या दिवसांत परक्याला कुणी सहज ओसरी देत नसे. हरणाबाईचा धाकटा मुलगा मानसिंग बेचाळीसच्या चळवळीपासून फरारी होता. त्याच्या पायात गोळी लागल्याची बोलवा होती. पोलीस दोनदा घर उलथून गेले होते. तरी तिनं मास्तरांना ठेवून घेतलं होतं.

"कसला म्हनायचा त्यो शब्द?" तिनं एकदा विचारलं.

"सुसरस."

"सुसर? ती नदीत गावंल. उसात कशाला हुडकताय?"

मास्तर हसले. "तसं नाही, मावशी. वाऱ्यानं पानं हलली की होतो तो आवाज. मधमाश्यांची गुणगुण, माणसांची दबकी कुजबुजसुद्धा. मूळ लॅटिन. बोलण्यात कुणी वापरत नाही, कवी वापरतात. कुणी नदीकाठच्या झाडांसाठी, कुणी देवळातल्या प्रार्थनेसाठी."

"एवढ्या सगळ्याला एकच शब्द? गरीब दिसतीय तुमची विंग्रजी. आमच्यात पानं सळसळत्यात, माश्या गुणगुणत्यात, मानसं कुजबुजत्यात. मग, बोलला का काल ऊस?"

"बोलला की! अगदी कान तृप्त झाले."

रंगूबाईनं गंजीच्या बुडाशी भाकरी, पिठलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला. खळं मोडेपर्यंत म्हसोबाला रोज ताट दाखवायचं, अशी त्या घरची रीत.

"देव खातो होय?" मास्तरांनी विचारलं.

"खातो की. तांब्या बी रिता करतो." हरणाबाई उठली. "आन् मास्तर, वाटंवरच्या उसात काय बसताय? ओढ्याकडचा ऊस लय बोलतो. अंधार पडला की तर मानसागत."

मास्तरांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी ते जेवायलाही उशिरा आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांनी ओढ्याकडचा ऊस वेढला. दुपारपर्यंत काठ्यांनी झोडपला. आतून निघाली एक रानडुकरीण. तिनं हवालदाराला आडवा केला आणि वाट धरली.

मास्तर वळकटी बांधून ओसरीत आले. "काय हा प्रकार, मावशी! माझ्या अभ्यासाची जागाच नासवली यांनी. निघतो मी."

हरणाबाईनं वाटेसाठी भाकरी बांधून त्यांच्या हातात दिली.

"शब्द ग्वाड हाय तुमचा, मास्तर. तुमीच तेवढं खोटं. वारं असतं तर माझा जोंधळा आठवडाभर खळ्यावर पडला असता व्हय? आन् तुमचा ऊस रोज बोलत हुता! पोलिसांचं कान हाय तुमी, पयल्याच सांजंला वळखलं मी. तुमच्याच पाठीमागं, गंजीच्या पोटात, भाकर घालून घालून पायावर उभा केला आमचा म्हसोबा. आन् आज ऊस झोडपत हुते तवा नदी उतरून गेला माझा मानसिंग."