बाबांचा आवाज

“सई, पाय मुरगळलाय तुझा. बाहेर ये बघू,” नीरजा कॉलरवरच्या माइकमध्ये म्हणाली. न्यू जर्सीतल्या त्या सॉकर क्लबात पालकांना मैदानाकडे ओरडायची बंदी होती. त्यांचं बोलणं माइकमधून थेट मुलांच्या कानात जायचं. सई लंगडत वळली, आईकडे बघून हसली आणि आणखी जोरात धावली.

मध्यंतराला नीरजाने तिला धरलं. “ऐकू आलं नाही का गं?”

“आलं की! ‘शाब्बास पिल्ला, थांबू नकोस,’ असं तूच म्हणालीस.”

नीरजाने कोच ब्रेंडनकडे पाहिलं.

“कच खायला लावणारी वाक्यं यंत्र बदलून टाकतं,” तो सहज म्हणाला. “आवाज तुमचाच ठेवतं. तू खेळायचीस तेव्हापासून आहे हे. मुलं मैदान सोडत नाहीत त्यामुळे.”

सतराव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्याने नीरजा इथेच धावत राहिली होती, कारण बाबा कानात म्हणाले होते, “पळ, माघार नाही.” तो गुडघा कायमचा गेला. नंतर ती बाबांशी धड बोललीच नाही.

“मी तुला बाहेर बोलावत होतो गं,” असं ते गेल्या महिन्यात जाईपर्यंत सांगत राहिले. तिने त्यांना खोटं ठरवलं. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.