नऊ तास चाललेली डिस्क

"नवी डिस्क बसवली, तर लॅपटॉप आधीपेक्षा लवकर सुरू होईल का?" तिने विचारलं.

"मग काय! चिपवाली घेतलीत तर दहा सेकंदांत."

"मग ती नको."

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. वेग नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं.

"म्हणजे मंद हवी?"

"होती तश्शीच हवी. दोन-तीन मिनिटं घुरघुरणारी. घरात कुणाला फरक कळायला नको. आणि आतलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून द्या. साडेसहाच्या आत."

घड्याळात पाच वाजत आले होते. तिने पदराने तळहात पुसले. ते पुन्हा ओले झाले.

लॅपटॉप नवऱ्याचा, आठ वर्षांपूर्वीचा. त्यावर आता कुणी काम करत नसे. पण त्यात सासूबाईंचा आवाज होता. शेवटच्या आजारपणात नवऱ्याने उशाशी बसून त्यांना बोलतं केलं होतं. लहानपणच्या गोष्टी, कुणाकुणाच्या लग्नातली भांडणं, थोडं गाणं, बरंचसं खोकणं. त्या गेल्या आणि लॅपटॉप कपाटात कुलूपबंद झाला. किल्ली नवऱ्याच्या खिशात. "जुनं मशीन आहे, उगाच चालवायचं नाही," असं तो म्हणे. तीन वर्षं वन्संनी धोशा लावला होता, एकदा आईचा आवाज ऐकव. त्यासाठीच त्या आज येत होत्या. त्यांना आणायला नवरा स्टेशनवर गेला होता.

दुपारी ती धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन खोलीत शिरली. हात रिकामे नव्हते, म्हणून दार पायानेच लोटलं. दारामागच्या स्टुलावरून काहीतरी धाडकन खाली आलं. लॅपटॉप होता. वन्संना दाखवायला नवऱ्याने तो बाहेर काढून ठेवला असावा. तिला काय स्वप्न पडलं होतं? तिने उचलून हलवला तर आत खडखड. बटण दाबलं तर पडद्यावर नुसतीच एक ओळ, डिस्क सापडत नाही.

घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने कुणाला फोनही केला नाही. सांगणार काय? तिचं आणि सासूबाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य साऱ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. एकदा रागाच्या भरात, वन्संच्या देखत, ती बोलून गेली होती, "यांचा आवाज कानांवर पडला नाही, तर दिवस बरा जातो." त्या दिवशी नवऱ्याने आवाज न चढवता तिची बॅग भरून दाराशी ठेवली होती. वन्सं मध्ये पडल्या म्हणून ती घरात राहिली. आता हातून चुकून पडला म्हटलं, तर वन्संसुद्धा विश्वास ठेवणार नाहीत, आणि या खेपेला बॅग दाराबाहेर जाईल.

"ही बघा," दुरुस्तीवाल्याने एक डिस्क समोर ठेवली. "फिरणारी आहे. नव्या जरा पातळ येतात, मी बाजूला पट्टी लावून घट्ट बसवतो. मंद म्हणाल तर कासव."

"चालेल. आधी जुनीतलं निघतंय का बघा. पाया पडते."

त्याने पाठचे स्क्रू काढले. जुनी डिस्क जागेवरून निसटून सैल पडली होती. तिच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरची तारीख वाचून तो थांबला. मग त्याने ती आपल्या मशीनला जोडली. जुनी डिस्क किती तास चालली आहे, हे आधी बघायची त्याची पद्धत होती.

"मॅडम, ही शाबूत आहे. पडून हिला काही झालेलं नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. "मग आवाज? रेकॉर्डिंग?"

"आत काही नाही."

"म्हणजे गेलं?"

"जायला असायला तर हवं. लॅपटॉप आठ वर्षांचा, पण ही डिस्क दोन वर्षांपूर्वीची आहे. एकूण चालली नऊ तास. सिस्टीम टाकली, दोन-चारदा सुरू केली, बस. हिच्यात कधी कुणाचं रेकॉर्डिंग नव्हतंच. घरात कुणी बदलून आणली का?"

ती स्टुलावर बसली. कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती.

म्हणजे दोन वर्षांपूर्वीच सगळं गेलं होतं. त्याच्याच हातून. आणि बिचारा तेव्हापासून रिकामा डबा कुलपात ठेवून बहिणीला आज-उद्या करत होता. गेले तीन दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं, ते आठवून तिला भडभडून आलं. तिच्यासारखाच तोही जीव मुठीत धरून बसला होता तर. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तो कशाला भितो हे तिला आज कळलं. वन्संपुढे आपण त्याची बाजू घ्यायची, असं तिने ठरवूनही टाकलं.

"नवी राहू द्या," ती म्हणाली. "हीच घट्ट बसवून द्या."

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. नवरा. तिने घाईघाईने उचलला. "अहो, ऐका ना, मला सगळं कळलंय, तुम्ही मुळीच..."

"अगं, आधी माझं ऐक," त्याचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "आम्ही अजून स्टेशनवरच आहोत. फोन स्पीकरवर आहे, ताई ऐकतेय. घाबरू नकोस, तिला फक्त एवढंच सांग, लॅपटॉप तू का पाडलास?"