दुसरा मेंढपाळ

“ह्यो कंप्यूटर डावरा हाय का काय? सारखा डाव्या अंगालाच पळतोय.”

आप्पाराव मोबाइलच्याच कानात सांगावं तसं पुटपुटले, पण शेजारी लसूण सोलत बसलेल्या सुकन्येला ते ऐकू गेलंच. सासऱ्यांच्या कुरकुरीकडं ती एरवी कानाडोळा करायची. हल्ली मात्र कान देऊन ऐकायची.

गेम तिनं आणि शाहीननं मिळून केलेला. शाहीन म्हणजे केजच्या फळवाल्या दिलावरभाईंची मुलगी, कॉलेजातली मैत्रीण. चित्रं तिची, कोड सुकन्येचं. मेंढरं, ओढे, काट्याची कुंपणं आणि पायरीपायरीला एक कोडं. नऊ कोडी झाली होती. दहाव्याला घोडं पेंड खात होतं.

दहाव्यात दोन मेंढपाळ, दोन कळप आणि मधे एकच फाटक. दोघांनी एकदम मेंढरं हाकली की फाटकात कोंबाकोंब आणि फोन ठप्प. एकानं आपला कळप मागं घेऊन दुसऱ्याला आधी जाऊ दिलं, की सगळी मेंढरं मेंढवाड्यात. इतकं सोपं.

पण आप्पाराव मागं घेत नव्हते. समोरचाही घेत नव्हता.

“ह्यो समोरचा कोण?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सुकन्येनं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, “कंप्यूटर आसंल.” ती नुसतं हूं म्हणाली. तेव्हापासून तो कंप्यूटर.

सुकन्येचा फोन वाजला. शाहीन.

“सुकन्या, ऐक माझं. मेंढरं निम्मी कर. साध्या फोनला झेपत न्हाईत एवढी.”

“मेंढरांचा काय दोष गं?”

“मग तो दुसरा मेंढपाळ काढ. एकट्याचं कोडं कर. उद्या गेम स्पर्धेला पाठवायचाय. मधेच हँग झाला तर पहिल्याच फेरीत घरी बसवतील आपल्याला.”

“मामांनी आज सोडवलं तर ठेवू. न्हाई सोडवलं तर काढते. शब्द देते.”

“आणि न्हाई सोडवलं तर रडत बसायचं न्हाई हं.”

सुकन्येनं फोन ठेवला. बाकी कुठलंही कोडं काढलं असतं तर तिला चाललं असतं. गेम गावात बऱ्याच फोनांत गेला होता. किराणावाल्या शहादेवच्या, अंगणवाडीच्या बाईंच्या, भिंतीपल्याडच्या चुलत जाऊ बबिताच्या. सगळ्यांनी बाकीची कोडी चाटूनपुसून संपवली होती.

ती भिंत आप्पाराव आणि त्यांचा धाकटा भाऊ भागवत यांनी मिळून बांधलेली. भांडत भांडत, पण मिळून. विहिरीच्या पाळीवरून बिनसलं, मग कळप वाटला, मग अंगण. सुकन्या सून होऊन आली ती त्यानंतर. चुलतसासरे तिनं पाहिले कमी, खोकताना ऐकले जास्त. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. सासूबाई बायडाबाईंना अगदीच गरज पडली तर त्या ‘तिकडचे’ म्हणत आणि पदर सारखा करत.

“मामा, कोडं लई अवघड झालंय का? सोपं करू?”

“अवघड कशाचं? ह्येचं कामच ढिलं हाय. चांगला खेळतो आन दिवस कलला की मधीच बसून ऱ्हातो.”

“नेट नसंल.”

“नेट कसलं! म्हशी पिळायच्या असतील त्येला.”

बायडाबाई भाकरी थापता थापता खुदकन हसल्या. “कंप्यूटरला कुठल्या वं म्हशी?”

“मला काय ठाऊक? सुकन्या, तू त्येला माघार घ्यायला शिकव, म्हंजे झालं.”

“ते मला न्हाई जमायचं. तुमीच घ्या की.”

“मी कावून? वयानं मी मोठा हाय का कंप्यूटर?”

आप्पारावांनी पुन्हा मेंढरं हाकली. पुन्हा कोंबाकोंब, पुन्हा फोन ठप्प. बायडाबाईंनी चहा आणून ठेवला. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. चहा संपेस्तोवर समोरचा मेंढपाळ जागचा हलला नाही. काठी टेकवून उभा.

आप्पारावांनी बशी खाली ठेवली, धोतराला बोट पुसलं आणि आपला कळप मागं घेतला. झाडाखाली, पार लांब.

सुकन्येच्या हातातला लसूण हातातच राहिला.

आणि समोरच्यानंही कळप मागं घेतला! फाटक सताड उघडं, दोन्हीकडं मेंढरं उभी, आणि मधे चिटपाखरू नाही.

“घ्या! आता कुणीच जाईना,” बायडाबाई हसत सुटल्या. तव्यावरची भाकरी करपली.

“जा की लेका,” आप्पाराव मोबाइलला म्हणाले. आवाज चढलेला, पण राग नव्हता त्यात. “जा म्हणतो ना! मी हाय हितं.”

जरा वेळानं एक मेंढरू निघालं. मग दुसरं, मग सगळा कळप. त्यांच्यामागं आप्पारावांची मेंढरं, एका ओळीत, कुठंही न अडखळता. फोन एकदासुद्धा ठप्प झाला नाही. घंटा वाजली. पडद्यावर वाड्यापाशी शेकोटी पेटली आणि दोन्ही मेंढपाळ तिच्यापाशी बसले.

सुकन्येनं शाहीनला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी किंकाळी आली, मग शब्द.

“काका, कमाल केली! म्हणजे दुसरा मेंढपाळ ठेवायचा तर!”

“ठेव की. चांगला खेळतोय.”

आप्पारावांनी मोबाइल सुनेच्या हातात दिला. उठले, चुलीपाशी गेले, टोपल्यातल्या भाकरी बघितल्या.

“आजून चार थाप,” ते बायकोला म्हणाले. मग सुनेकडं वळले. “आन तू भिंतीपल्याड जा, सुकन्या. त्या कंप्यूटरला म्हणावं, भागवत, दादानं जेवायला बोलिवलंय.”