गोळीचं माप

"बत्तीस बोअरचीच असणार, मॅडम. त्या गुंडाचा गावठी कट्टा बत्तीसचाच आहे," इन्स्पेक्टर शेवाळे पुन्हा म्हणाले. चकमकीत त्यांचा शिपाई गेला होता. त्याच्या छातीतून काढलेली गोळी माझ्या टेबलावर होती, आणि मला प्रयोगशाळेतल्या या नोकरीचा मनापासून कंटाळा आला होता.

मी गोळीला कॅलिपर लावला. बत्तीसची गोळी आठ मिलिमीटरच्या आत भरते. ही नऊ भरली.

"हाडाला आपटून फुगली असेल."

"बुडाशी मोजलीय, साहेब. बूड शाबूत आहे."

नऊ एमएमची पिस्तुलं त्या दिवशी फक्त पोलिसांकडे होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मग कमरेचं पिस्तूल काढून, मॅगझिन वेगळं करून, त्यांनी ते गोळीशेजारी ठेवलं.

"आधी माझं जुळवून बघा," ते म्हणाले. "शिपायाच्या घरी कळवायला मीच गेलो होतो. मारणारा सापडला का, एवढंच त्याच्या आईनं विचारलं."

"मग?" मी पिस्तूल उचलत विचारलं.

"सापडला म्हणालो."