बिनसाखरेची बिस्किटं

"दोन दात किडलेत तिचे! दर शनिवारी तुझ्याकडून नुसती साखर खाऊन येते. बाप म्हणून एवढंही कळत नाही तुला?" जर्मनीतल्या येना शहराच्या स्टेशनवर चार लोकांत सुरुचीनं नागेशला सुनावलं आणि सात वर्षांच्या अन्वीला हाताला धरून ओढत घेऊन गेली. वेगळे झाल्यापासून नवराबायकोत एवढंच बोलणं उरलं होतं.

नागेशला ते फार झोंबलं. पुढच्या शनिवारी त्यानं अन्वीला स्वयंपाकघरात सोबतीला घेतलं. बापलेकीनं खजूर, अंजीर आणि किसलेल्या सफरचंदाचं सारण शिजवलं, ओट्सच्या पिठात भरलं आणि बिस्किटं भाजली. साखरेचा कण नाही. "पापा, सुपर लेकर!" असं जर्मनमध्ये 'एकदम चविष्ट' म्हणत अन्वीनं सहा फस्त केली आणि उरलेली आईसाठी डब्यात भरली. आता तरी सुरुचीचं तोंड बंद होईल म्हणून नागेशनं डब्यावर मुद्दाम चिठ्ठी चिकटवली, "साखर नाही. हवं तर तपासून घे."


मंगळवारी सुरुचीच्या वकिलाचं पत्र आलं: "घरी खाऊ करून आपण मुलीला आईविरुद्ध फितवत आहात, यापुढे आपल्याला तिला भेटू देऊ नये, अशी मागणी आम्ही कोर्टात केली आहे."