पाळण्याचा बोल्ट

त्रिशरण झालं, नाव ठेवून झालं, बायकांनी पाळण्याला पहिला झोका दिला आणि दस्तूरसाहेबांची नजर दोरीवरून वर वर सरकत तुळईला जाऊन थबकली.

साहेब पायलट होते. केदारखेड्याच्या शिवारात कपाशीवर औषध मारायला ते विमान घेऊन आलेले, अन् विमान राखणारा मेकॅनिक याच गावचा देवानंद. गावात नुसता रुबाब! बहीण बेबीनंदाच्या लेकराच्या बारशाला त्यानंच साहेबांना आग्रहानं आणलं होतं. मिरवायच्या भरात तुळईचं बिलकुल ध्यान राहिलं नव्हतं गड्याला.

पाळण्याची कडी तुळईत ज्या बोल्टानं अडकवली होती, तो विमानाच्या पंखाचा होता. अंगठ्याएवढा जाड, चकचकीत. ठरलेले तास उडून झाले की हा बोल्ट काढायचा, नवा घालायचा आणि जुना करवतीनं कापून टाकायचा, असा कायदा. देवानंदनं नवा घातला. जुना मात्र त्याच्यानं कापवेना. ना ओरखडा, ना गंज. ज्या घरात बैलाची झिजलेली नालसुद्धा कुणी फेकत नाही, त्या घरचा माणूस असलं पोलाद कापतोय होय? "कापला, साहेब," असं बेधडक सांगून तो मोकळा झाला होता.

"बघा की सायेब!" त्याची आई गिरिजाबाई हौसेनं म्हणाली. "इमानाचा हाय. माह्या पोरानं आणला. इमान पेलतो, मंग लेकरू पेलणार न्हाई व्हय?"

बायका हसल्या. साहेब हसले नाहीत.

"देवानंद, तोच काय?" त्यांनी हळूच विचारलं.

दुसराच आहे म्हणायला जीभ उचललीही होती त्यानं. साऱ्या भावकीसमोर इज्जत राहिली असती. पण पाळणा पुढं गेला, मागं आला, आणि वर कडी करकरली.

"तोच," देवानंद म्हणाला. उठून त्यानं लेकरू पाळण्यातून उचललं अन् छातीशी धरलं. "माय, त्या बोल्टाचं आयुष्य संपलंय. वरून चांगला दिसतो. आतून चीर गेली असली तर डोळ्याला दिसत न्हाई, अन् तुटतो तवा सांगून तुटत न्हाई. म्हणून तर सायबाच्या इमानातून काढला."

पाळण्याचं गाणं मधेच थांबलं. गिरिजाबाईनं तोंडाला पदर लावला. शरमेनं देवानंदचे कान तापले. कुणाकडं बघावं ते त्याला कळेना.

बेबीनंदा जागची उठली. भावाच्या हातातून लेकरू तिनं अलगद काढून घेतलं.

"दादा," ती म्हणाली, "तुह्या सायबाला न्हाई चालला, अन् माह्या लेकराला चालला व्हय?"